दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना

ड्रॅग रेसिंगमध्ये ‘ऑल मोटर’ नावाचा एक वर्ग असतो. नियम साधा आहे: इंजिनात हवा कोंबायची नाही. टर्बो नको, सुपरचार्जर नको, नायट्रसची बाटली नको. समुद्रसपाटीला वातावरण दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकतं. सिलिंडरात हवा शिरायची ती तेवढ्याच भाराने. शेजारच्या लेनमधली टर्बोवाली गाडी हाच दाब दुप्पट-तिप्पट करून घेते. ऑल मोटरवाल्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात: हवेची वाट मोकळी करणं आणि इंजिनातला प्रत्येक भाग नेमक्या वेळी हलवणं. एवढ्या भांडवलावर, घरच्या वापरासाठी बनलेली छोटी कार उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, बारा सेकंदांच्या आत पार करते. तिच्याहून वेगवान गाड्या पुष्कळ आहेत. पण इतकी घट्ट बांधणी क्वचितच पाहायला मिळते, आणि ती सावकाश उलगडून बघण्याच्या योग्यतेची आहे.

त्यासाठी एकच गाडी समोर ठेवतो. १९९२ ते १९९५ या वर्षांतली होंडा सिव्हिक हॅचबॅक. अमेरिकेत विकल्या गेलेल्या तिच्या सर्वांत हलक्या रूपाचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होतं. आपल्या गाडीच्या बॉनेटखाली मूळचं इंजिन नाही. खालचा ब्लॉक सीआर-व्हीचा आहे आणि वरचं हेड बी१६ इंजिनाचं. असं इंजिन होंडाने कधीही विकलं नाही. दोन निराळ्या हेतूंनी घडवलेले दोन अर्धे भाग अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांनी एकत्र आणले, आणि ही जोडणी तिथे एवढी रुळली की होंडाच्या नादी लागलेल्या पोरांना तिची कृती तोंडपाठ असते.

हेडची घराणेदारी मोठी आहे. बी१६ए हे इंजिन १९८९ साली जपानमध्ये होंडा इंटेग्रात आलं. त्याच्या विकासामागे इकुओ काजितानी हे अभियंते होते. आधी लिटरमागे ९० अश्वशक्तीचं लक्ष्य धरलं होतं. होंडाच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते १०० वर न्यायला सांगितलं. १५९५ सीसीच्या इंजिनातून ७६०० आरपीएमला १६० अश्वशक्ती निघाली, तीही रोज ऑफिसला नेता येईल अशा गाडीत. हे साधलं ते व्हीटेकमुळे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे लोब, व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचा ते ठरवतो. कमी फेऱ्यांना जो लोब शोभतो तो जास्त फेऱ्यांना इंजिनाचा गळा आवळतो. जास्त फेऱ्यांचा लोब रहदारीत इंजिनाला धड चालू देत नाही. काजितानींच्या रचनेत एकाच कॅमवर दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी आहेत. ठरलेल्या फेऱ्या गाठल्या की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मधल्या उंच लोबच्या ताब्यात जातात. हा बदल कानाला स्पष्ट कळतो. इंजिनाचा आवाज एका पायरीने वर चढतो आणि त्याला धार येते. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला पुढचं सगळं समजावून सांगणं सोपं जातं.

ब्लॉकची कुळकथा अगदी साधी. पहिली सीआर-व्ही अमेरिकेत १९९७ साली १२६ अश्वशक्तीच्या दोन लिटरच्या इंजिनासह आली. मुलंबाळं, किराणा, शनिवार-रविवारची सहल, अशा कामाची गाडी. तिच्या बी२० ब्लॉकचा बोअर ८४ मिलिमीटर, स्ट्रोक ८९ मिलिमीटर, एकूण १९७३ सीसी. ऑल मोटरवाल्याला त्यात दिसते ती ही जागा. हवा कोंबता येत नसेल तर ती मावायला जास्त जागा हवी. बी१६च्या तुलनेत जवळजवळ चौथा हिस्सा जास्त जागा भंगारबाजारात स्वस्तात मिळत होती.

हे लग्न सहज जुळत नाही. सीआर-व्हीच्या ब्लॉकला व्हीटेकची माहितीच नाही. त्यामुळे पिन सरकवायला लागणारं तेल हेडपर्यंत नेणारी वाट त्यात नसते. ती बाहेरून नळी टाकून करावी लागते, हेडमधलं एक जुनं भोक बुजवावं लागतं, डॉवेल पिनच्या जागा जुळवाव्या लागतात. ही कामं कठीण नाहीत, पण हयगय खपत नाही. तेल वेळेवर पोहोचलं नाही तर इंजिन पहिल्याच धावेत गेलं म्हणून समजा.

मुळात या दोन भागांच्या स्वभावातच भांडण आहे. हेडला फेऱ्या हव्यात, आणि ब्लॉकचा लांब स्ट्रोक त्या द्यायला कुरकुरतो. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. टर्बोवाला टॉर्क वाढवून काम भागवतो. ऑल मोटरमध्ये लिटरमागचा टॉर्क एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण हवा तेवढीच. म्हणून फेऱ्या वाढवणं आलं. बी१६चा पिस्टन ८००० आरपीएमला सेकंदाला सरासरी २०.६ मीटर धावतो. आपल्या जोडइंजिनाचा पिस्टन ९००० आरपीएमला २६.७ मीटर धावतो, आणि प्रत्येक टोकाला क्षणभर पूर्ण थांबून उलटा वळतो. वरच्या टोकाला त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजार पटींहून जास्त असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरल्या, तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला सुमारे दोन टनांची ओढ बसते. वरच्या टोकाचा असा झटका सेकंदाला दीडशे वेळा बसतो.

या रचनेचं मर्म मला याच टोकावर सापडतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा ठिणगी पडते तेव्हा. ती वेळ सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्यांदा येतो तो जळालेला धूर बाहेर लोटून. तेव्हा ठिणगी नाही, स्फोट नाही, ताकद नाही. ही इंजिनाची रिकामी वेळ वाटते. पण ऑल मोटर गाडी बांधणाऱ्याचं निम्मं डोकं याच वेळेसाठी खर्च होतं.

कारण तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. एक्झॉस्टचा अजून पुरता मिटलेला नाही, इनटेकचा उघडू लागला आहे. पिस्टन अजून खाली उतरलेला नाही, म्हणजे हवा ओढणारं असं सिलिंडरात काहीच नाही. तरीही चांगल्या इंजिनात नवी हवा आत येऊ लागते. तिला ओढतो तो आधीच्या क्षणी बाहेर गेलेला धूर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट हेडरच्या पाइपात शिरते आणि तापलेल्या वायूतून सेकंदाला पाचशे मीटरहून जास्त वेगाने पुढे जाते. चारही पाइप जिथे एकत्र येतात तिथे वाट एकदम रुंद होते. तिथून ती लाट उलटते, पण येताना कमी दाबाची होऊन येते. ती व्हॉल्व्हपाशी नेमकी दोन्ही दारं उघडी असताना पोहोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि त्याच्या पाठोपाठ ताज्या हवेला आत घेते. बासरीत सूर जसा नळीच्या लांबीवर ठरतो, तशी ही परतीची वेळ पाइपाच्या लांबीवर ठरते. पाइप थोडा लांब झाला की ही मदत कमी फेऱ्यांना मिळते, आखूड झाला की जास्त फेऱ्यांना. हेडर वेल्ड करणारा माणूस धातू कापतो तेव्हा खरं म्हणजे वेळ कापत असतो.

इनटेकच्या बाजूलाही असाच हिशेब आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आणि तुतारीसारख्या तोंडाची नळी दिली की हवेचा स्तंभ गती धरतो. मग पिस्टन तळाशी पोहोचून परत वर निघाला तरी ती हवा आपल्या जोराने आत येतच राहते. इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवतात तो याचसाठी. ९००० आरपीएमला अख्ख्या स्ट्रोकला ३.३ मिलिसेकंद मिळतात. दोन्ही बाजूंच्या वेळा जुळल्या की फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यात सिलिंडर स्वतःच्या मापाहून जास्त हवा घेतो. दाब वाढवणारं कुठलंही यंत्र नसताना ही बढती मिळते. मी या गाड्यांकडे पहिल्यांदा ओढला गेलो तो या एका गोष्टीमुळे, आणि अजूनही तिच्याइतकं सुंदर मला यंत्रविद्येत फार थोडं वाटतं.

आता त्याच क्षणात आणखी काय चाललं आहे ते पाहा. कॉम्प्रेशन १२-१३ पट करायचं म्हणून पिस्टनचा माथा उंच केलेला असतो. जास्त हवा हवी म्हणून कॅम मोठा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा खोल उतरलेले असतात. म्हणजे उंच पिस्टन आणि खोल उतरलेले दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी एकाच जागेत येतात. त्यातच स्फोटाचा दाब नसल्यामुळे पिस्टनला वरून अडवणारं काही नाही. दोन टनांच्या ओढीने रॉड किंचित लांबतो आणि पिस्टन मोजलेल्या मापापेक्षा केसभर वर जातो. रॉडवरची सर्वांत घातक ओढ, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं सर्वांत कमी अंतर आणि श्वासाची सर्वांत मोठी संधी, हे तिन्ही एकाच टिपेला येतात. हवा मिळवायची असेल तर धोक्याच्या इतकं जवळ जावंच लागतं, आणि अंतर वाढवलं की हवा जाते.

म्हणून इथे एक जुनी, हाताची पद्धत अजून चालते. मेकॅनिक पिस्टनच्या माथ्यावर मऊ चिकणमातीचा थर देतो, हेड बसवतो, बोल्ट आवळतो आणि इंजिन हाताने हळूहळू दोन फेऱ्या फिरवतो. मग हेड उचलतो. मातीत व्हॉल्व्हचे ठसे उमटलेले असतात. ब्लेडने ती माती मधोमध कापून सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. इनटेकला दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर हे रूढ सुरक्षित अंतर. एक्झॉस्टला जास्त का? तो व्हॉल्व्ह तापून लांबतो, आणि पिस्टन वर येताना त्याच्या मागे लागलेला असतो. स्प्रिंग जरा दमली आणि तो मिटायला उशीर झाला तर टक्कर त्याचीच होते. कापलेल्या मातीच्या त्या पापुद्र्यात कॅम, पिस्टन, हेड आणि रॉड या सगळ्यांचे निर्णय एकत्र वाचता येतात. अंतर कमी भरलं तर कॅमचा गिअर दोन अंश फिरवायचा किंवा पिस्टनमधला खळगा अजून खोल करायचा. दोन्ही उपायांची किंमत हवेत किंवा कॉम्प्रेशनमध्ये मोजावी लागते.

बी२० ब्लॉकची स्वतःची एक दुबळी बाजू आहे. ८४ मिलिमीटर बोअरमुळे त्याच्या सिलिंडरच्या भिंती पातळ उरतात आणि वरून त्यांना आधार कमी असतो. शहाणा बांधणारा एकतर फेऱ्यांना आठ हजारांच्या जरा पुढे लगाम घालतो, नाहीतर जुन्या भिंती काढून जाड लोखंडी स्लीव्ह बसवून घेतो. दुसरा मार्ग खर्चीक आहे, आणि त्यानंतर ‘स्वस्तातला ब्लॉक’ ही मूळ मौज संपते. आपल्या ९००० फेऱ्यांच्या इंजिनाला दुसराच मार्ग लागतो, तरी मला पहिल्या मार्गाने बांधलेल्या गाड्या जास्त आवडतात. त्यांत आपल्या सामग्रीचा अंदाज आणि तिच्याविषयीचा आदर दिसतो.

हे सगळं मिळवताना इंजिन रस्त्यावरची सभ्यता गमावतं. मोठ्या कॅमवर ते उभ्या जागी लंगडत चालतं. साडेपाच हजारांच्या खाली त्यात जीव नसतो. म्हणून पुढची सगळी जबाबदारी गिअरबॉक्सवर येते: फेऱ्यांची सुई कधीही त्या जिवंत पट्ट्याच्या खाली पडू द्यायची नाही. बी१६च्या मूळ गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१०५ आणि तिसऱ्याचं १.४५८. ९००० ला गिअर बदलला तर इंजिन ६२०० च्या आसपास येऊन पडतं, म्हणजे अजून जिवंत पट्ट्यात. शेवटच्या गुणोत्तराची निवड तर मला फार देखणी वाटते. शेवटची रेषा ताशी १८८ किलोमीटरच्या वेगाने ओलांडायची आहे आणि साडेचोवीस इंची स्लिक टायर आहेत असं धरा. ४.४ चा फायनल ड्राइव्ह असेल तर चौथ्या गिअरमध्ये रेषेवर इंजिन ७८०० फेऱ्यांवर असेल, ४.९ असेल तर ८७०० वर. इंजिनाची शिखरशक्ती ८७०० ला असेल तर दुसरा निवडायचा, म्हणजे शिखर आणि रेषा एकाच वेळी येतात. रेषेच्या पलीकडे या गाडीला काही करायचं नसतं.

मात्र ताकद जमिनीत उतरली नाही तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. सिव्हिकची पुढची चाकं ओढतात, आणि गाडी सुटली की भार मागे सरकतो, नेमका ज्या चाकांना तो हवा आहे त्यांच्यावरून. ही या रचनेतली जन्मजात अडचण आहे, ती कोणालाही काढून टाकता आलेली नाही. व्हीलबेस २५७० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर ०.८ जी प्रवेगाला एकूण वजनाचा सुमारे सहावा हिस्सा मागे जातो. म्हणून मागच्या स्प्रिंगा दगडासारख्या ताठ करतात, बॅटरी पुढेच ठेवतात, मागची चाकं अरुंद लावतात. मोठ्या वर्गातल्या गाड्यांच्या मागे लांब दांडे आणि त्यांना छोटी चाकं दिसतात. प्रेक्षकाला वाटतं, गाडीने नाक उचलू नये म्हणून ती आहेत. इथे त्यांचं काम निराळं आहे: गाडीची मागची बाजू खाली बसू न देणं, म्हणजे भार पुढे राहील.

आता वेळेची चिठ्ठी. धाव संपली की चालकाला एक छोटा कागद मिळतो. त्यावर प्रतिक्रियेची वेळ, मग ६० फूट, ३३० फूट, पाव मैलाचा अर्धा टप्पा, १००० फूट आणि शेवटी पूर्ण वेळ व वेग. प्रतिक्रियेची वेळ धावेच्या वेळेत मोजत नाहीत. गाडी जागची हलली की घड्याळ सुरू. शेवटचा वेगही एका बिंदूवरचा नसतो, शेवटच्या ६६ फुटांची सरासरी असते. आतलं सामान काढलेली आपली गाडी चालकासह २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो, आणि इंजिन २५० अश्वशक्तीचं समजू. ड्रॅगवाल्यांमध्ये पॅट्रिक हेल यांचं एक सूत्र प्रचलित आहे: पौंडांतल्या वजनाला अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ५.८२५ ने गुणा. आपल्या गाडीला भागाकार येतो ८, त्याचं घनमूळ २, वेळ ११.६५ सेकंद, वेग ताशी ११७ मैल. अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या नियमात ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला रोलबार सक्तीचा आहे. म्हणजे ही गाडी त्या उंबरठ्यावर आहे, आणि रोलबार आधीच बसवून घेणं हेच समजूतदारपणाचं. असल्या गाड्यांची जागा राखलेल्या पट्ट्यावर, अग्निशमन आणि रुग्णवाहिका उभी असताना. सार्वजनिक रस्त्यावर नाही.

चिठ्ठी वाचायची कशी? समजा ६० फूट १.६५ सेकंदांत, शेवट ११.६५ आणि ११७ मैल. सगळं जुळलं. दुसऱ्या धावेत ६० फुटांना २.०५, शेवट १२.२, पण वेग तोच ११७. इंजिन निर्दोष आहे. चाकं जागीच फिरली, टायरमधली हवा किंवा क्लच सोडण्याची पद्धत पाहा. तिसऱ्या धावेत सुरुवात १.६५ च, पण शेवट ११.८५ आणि वेग ११३. सुटका उत्तम होती, श्वास कुठेतरी कोंडला. वेग इंजिनाविषयी बोलतो, पहिले साठ फूट चासीविषयी आणि माणसाविषयी. जाणकार मेकॅनिक एवढ्यावर थांबत नाही. रेषेवरच इंजिन बंद करायला सांगतो, गाडी नुसती घरंगळत येते, मग प्लग काढून भिंगाखाली त्याच्या पांढऱ्या चिनीमातीचा रंग पाहतो. पूर्ण ताकदीच्या शेवटच्या क्षणाचा रंग तिथे टिकून राहिलेला असतो.

चिठ्ठीतल्या आकड्यांत एक गोष्ट वेगळी दिसत नाही: जागेचा परिणाम. फ्रँक चोई यांनी १९९० साली ‘बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स’ ही शर्यत कॅलिफोर्नियातल्या पामडेलच्या पट्ट्यावर सुरू केली, आणि जपानी छोट्या गाड्यांच्या ड्रॅगला तिथून बळ मिळालं. पामडेल वाळवंटी पठारावर, अडीच हजार फुटांहून उंच आहे, हवा विरळ. न्यूजर्सीतला इंग्लिशटाउनचा पट्टा मात्र समुद्रसपाटीजवळ. थंडीच्या तोंडावर तिथली दाट हवा ऑल मोटर गाड्यांना मानवायची. तिथलं ड्रॅग २०१८ साली बंद झालं. टर्बोवाला बूस्ट थोडा वाढवून उंचीचा तोटा बराचसा भरून काढतो. ऑल मोटरला तो पूर्ण भोगावा लागतो.

आपल्याकडे हा हिशेब लोणावळ्याजवळ मांडता येतो. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत भरत आली आहे. त्या परिसराची उंची सहाशे मीटरच्या वर, म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के कमी. आपली ११.६५ ची सिव्हिक तिथे त्याच तयारीने जवळजवळ ११.९४ देईल. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांमध्ये मात्र ज्या गाडीवर हे सगळं शिकलं गेलं ती निराळी होती: २००० च्या आसपास आलेली दीड लिटरची होंडा सिटी व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, एकाच कॅमशाफ्टची. तिचं इंजिन होंडाच्या डी मालिकेतलं. अमेरिकेत ही मालिका गरिबाघरची मानली जाई, आणि बिसी एझेरिओहा या केमिकल इंजिनिअरने तिच्यावरच ऑल मोटर गाड्या बांधून नाव कमावलं.

चालकासह ११०० किलोच्या मूळ सिटीला हेलचं सूत्र समुद्रसपाटीला साडेसोळा सेकंद देतं. सीटा-गालिचे काढून ती ९०० किलोवर आणली आणि कॅम, हेडर, कॉम्प्रेशन जुळवून १४० अश्वशक्ती काढली, तर तेच सूत्र १४.१ म्हणतं. टर्बोचा एकही नट न लावता जवळजवळ अडीच सेकंद. पुढे आलेल्या के मालिकेच्या इंजिनांत इनटेक कॅम संगणकाच्या हुकमाने धावतानाच पन्नास अंशांपर्यंत फिरतो आणि दोन व्हॉल्व्ह उघडे राहण्याची वेळ क्षणोक्षणी बदलत राहते. ती इंजिनं जास्त ताकदवान आहेत, विक्रमही आता त्यांच्याच बाजूला झुकले आहेत. तरी शिकणाऱ्याने आधी सिटीसारखं जुनं इंजिन उघडावं असं मला मनापासून वाटतं. तिथे कॅमची वेळ त्याच्या गिअरवर हाताने ठरवून बोल्टने आवळावी लागते, आणि चुकली तर पुढच्या धावेआधी पुन्हा सैल करून एक अंश फिरवता येते.